शिवेवर पायउतार

विमलबाईचं डोकं फिरलं, असं आमच्या चौकीखेडात वर्षातून दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी म्हणतंच. मी तिची पुतणी, अश्विनी. ती माझी मोठी माय, म्हणजे थोरल्या काकाची बायको. तिच्या डोक्याबद्दल मला विचाराल तर ते कधीच फिरत नाही. एकदा जिथं बसलं तिथं बसलं, आणि नेमका त्याचाच सगळ्यांना त्रास होतो.

चौकीखेड हे वऱ्हाडातल्या मोताळा तालुक्याच्या टोकाचं गाव. गावापुढं मोठ्या मायचं वांग्या-मेथीचं वावर, वावराच्या बांधावर कमरेएवढा काळा दगड, आणि दगडापलीकडं खानदेश. दगडाला लागून रस्ता जातो आणि त्या रस्त्याचा एक नियम आहे. खानदेशातून येणारा माणूस घोड्यावर असो, बैलगाडीत असो की फटफटीवर, दगडाशी त्यानं उतरायचं, चार पावलं पायी चालायचं आणि मग पुन्हा बसायचं. गावचा माणूस तिकडून परतत असेल तर त्याला उतरायचं कारण नाही. तो आपल्या घरी येतोय.

आता हा नियम पाळतं कोण? म्हातारी माणसं पाळतात. मतं मागायला येणारे पुढारी पाळतात. ते तर गाडी थांबायच्या आधीच हात जोडून उतरतात. बाकीचे मोठी माय वावरात दिसली तर पाळतात, आणि ती वावरात नसते कधी? एकदा मेथी भरायला आलेला टेम्पोवाला उतरायचं सोडून हॉर्न वाजवत राहिला. ही पदरात शेंगा घेऊन रस्त्याच्या मधोमध बसली आणि निवांत सोलू लागली. पंधरा मिनिटांनी तो उतरला. जाताना तिनं त्याला मूठभर शेंगाही दिल्या.

नियम आला कुठून, हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि तिनं आम्हाला शंभर वेळा सांगितलं. सुलतानाचं राज्य नवं-नवं होतं. त्यानं इथं हद्दीवर चौकी बसवली, म्हणून गाव चौकीखेड. शिपायांना रोज जेवायला लागतं, म्हणून घाटावरून माळ्यांची चार घरं आणून बसवली आणि म्हटलं, पिकवा भाजी. तेच आमचे पूर्वज. एका उन्हाळ्यात खानदेशाकडून घोडेस्वार आले आणि सरळ वांग्यांच्या वाफ्यांत घोडे घालू लागले. चौकीतले शिपाई कुठं होते कोण जाणे. एका माळ्याची बायको तेवढी बांधावर उभी होती. ती म्हणाली, उतर, सरीनं पायी ये, वाफा मोडू नको. आणि स्वार उतरला. दुसऱ्या दिवशी माळ्यांनी तिथं दगड रोवला. सुलतानानं कागदावर काय लिहिलं ते लिहिलं, मोठी माय म्हणायची, पण हद्द ठरली आमच्या वांग्यांनी.

मी इतिहास घेऊन बी.ए. केलं. पहिल्या वर्षी भारीच तोऱ्यात होते. मी तिला समजावून सांगितलं की चौदाव्या शतकात दख्खनमध्ये बहमनी सुलतानांचं राज्य उभं राहिलं, त्यांनी मुलखाचे चार तरफ म्हणजे सुभे पाडले, आणि उत्तरेच्या टोकाचा तरफ म्हणजे आपलं वऱ्हाड. पलीकडं खानदेशात फारुकी सुलतान. पुढं त्या फारुकीनं आपली लेक बहमनी घरात दिली. सवतीपुढं नवरा मला विचारत नाही, असं तिनं बापाला कळवलं आणि बाप फौज घेऊन वऱ्हाडात घुसला. आपल्याच तालुक्यात रोहिणखेडला लढाई झाली आणि तो हरून परत पळाला. एवढं सगळं पुस्तकात आहे, मी म्हटलं, पण तुझी वांगी आणि तुझी माळीण कुठंच नाही. पुरावा नाही.

तिनं मेथीची जुडी बांधता बांधता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुस्तक लिवणाऱ्याले जेवाले कोण घालत होतं, थे बी लिवलं नसंन." फारुकीबद्दल मात्र तिचं मत एकदम चांगलं झालं. हरला तर हरला, लेकीचं ऐकलं तर त्यानं, असं ती पुढं कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

माझे मोठे काका, उकंडराव, साप चावून गेले तेव्हा त्यांची लेक पुष्पांजली दोन वर्षांची होती. मोठ्या मायचं माहेर खानदेशातलं. माझे वडील सहदेव तिचे धाकटे दीर. त्यांनी तिला सुचवलं की वहिनी, वावर आमच्याकडं द्या आणि लेकरू घेऊन माहेरी जा, तिकडं भाऊ सांभाळतील. माझ्या वडिलांचं मन वाईट नव्हतं, पण वावरावर डोळा होता हे मी त्यांची लेक असून सांगते. ती म्हणाली की मी इथं एकदा उतरली, आता परत चढत नाही. दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर पाटी घेऊन मोताळ्याचा बाजार करू लागली. बावीस वर्षं केला. पुष्पाला शिकवलं, पुष्पा मलकापूरला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागली, आणि वावराचा बांध एक वीत हलला नाही.

मग पुष्पाचं लग्न ठरलं ते खानदेशातच. मुलगा शेखर, रेल्वेत नोकरीला, सरळ आणि जरा लाजाळू. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि फोनवर तासन्‌तास बोलायची. शेखरचे वडील रंगराव मात्र वेगळं प्रकरण. केळीचे मोठे बागायतदार. बोलताना दर वाक्याला 'आमच्यात' म्हणणार. आमच्यात मांडवात कूलर असतात. आमच्यात डीजे लागतो. आमच्यात पंगतीला दोन गोड असतात. मोठ्या मायनं सगळं कबूल केलं, कारण पुष्पाचा जीव शेखरवर होता. सुपारी फुटताना तिनं एकच गोष्ट सांगितली, की नवरदेव दगडाशी घोड्यावरून उतरेल आणि सीमांतपूजन तिथंच होईल. रंगराव मोठ्यानं हसले आणि हो हो म्हणाले. त्यांना वाटलं, विहीणबाई गंमत करतात. तिला ओळखणाऱ्यानं अशी चूक केली नसती.

मे महिना, बाराचा मुहूर्त, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. वरात दहालाच आली. पुढं बँड, मागं घोड्यावर शेखर, आणि त्याच्या मागं रंगरावांची पांढरी गाडी, काचा बंद. दगडाशी मोठी माय हातात ताट घेऊन उभी, बाजूला मी पाण्याचा तांब्या घेऊन, मागं अर्धं गाव. शेखरनं रिकिबीतून पाय काढलाच होता, एवढ्यात रंगरावांनी काच खाली केली. म्हणाले, आमच्यात नवरदेव मांडवाच्या दारात उतरतो, शेताच्या बांधावर नाही. बँडवाल्यांना म्हणाले, वाजवत चला.

मोठी माय घोड्यापुढून हलली नाही. बँड चालायचा थांबला, मग वाजायचाही थांबला.

माझे वडील घाबरून पुढं झाले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "वैनी, दोन पावलांचा तं प्रश्न हाय."

"दोनच पावलं हायत, तं चालू दे नं त्याले," ती म्हणाली.

रंगराव आता गाडीतूनच तोंडाला येईल ते बोलू लागले. भाजी विकणाऱ्या बाईनं आम्हाला उतरवायचं का, आमची पत काय, तुमची काय. शेवटी म्हणाले, वरात फिरवा. घोडेवाल्यानं खरंच लगाम ओढला आणि घोड्याचं तोंड खानदेशाकडं केलं. बायकांत रडारड सुरू झाली. विमलबाईचं डोकं फिरलं, असं त्या दिवशी मी स्वतः म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, तिच्या तोंडावर म्हटलं. पुष्पा तिकडं हळद लावून बसलीय, तिच्या जन्माचं वाटोळं करशील का एका दगडासाठी, असंही म्हटलं. मला तिचा संताप आला होता.

तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ती गाडीकडं बघून बोलली, आवाज न चढवता. "मी बी तिकडचीच हावो, पाव्हणे. सोळा वर्साची होती. अंगावर हळद, पायात चप्पल नाही, असंच ऊन. सासूनं इथंच बैलगाडीतून उतरवलं. चार पावलं चालली अन् मंग ह्या गावची झाली. माह्यासारखी पोट्टी उतरू शकते, तं तुमचा पोट्टा काऊन नाही उतरू शकत?"

रंगरावांनी काच वर केली. मी तांब्या तिथंच ठेवला आणि मांडवाकडं पळत सुटले. पुष्पा आईला समजावेल, आईला तिचंच ऐकावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पुष्पानं माझं सगळं ऐकलं आणि बाहेर येऊन स्कुटीला किल्ली लावली. पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या, मागं मी. नवरी अशी स्कुटीवर गावातून जाताना कोणी पाहिली नसेल. म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून ओट्यावर आल्या. दगडाशी तिनं गाडी लावली आणि आईला एक शब्द न बोलता तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मी कपाळावर हात मारला.

मागच्या वरातीतून वाट काढत घोडा तोवर वीस-पंचवीस पावलंच गेला होता. पुष्पानं हाक मारली, तसा शेखरनं लगाम ओढून थांबवला.

"तुम्हाला उतरायचं होतं, हे अश्विनीनं पाहिलं," ती म्हणाली. "बाबा नको म्हणाले म्हणून पाय परत वर घेतला. ज्या घरात तुम्हाला घोड्यावरून उतरायला विचारावं लागते, त्या घरात मी कोणाला विचारून बोलू, तेवढं सांगा. मग खुशाल जा."

शेखरनं बापाच्या गाडीकडं पाहिलं. काच बंदच होती. मग त्यानं पाय काढला, धड उतरता येईना म्हणून घोडेवाल्याच्या खांद्याला धरलं आणि खाली आला. चालत आला. फेटा एका बाजूला कलंडला होता. दगड ओलांडून आमच्या बाजूला उभा राहिला.

मोठ्या मायनं ताट माझ्याकडं दिलं, तांब्या उचलला आणि रस्त्यावर मांडी घालून त्याचे पाय धुतले. तो नको नको म्हणत होता. उतरलेल्याचे पाय धुण्यात तिला काहीच कमीपणा वाटला नाही, उलट पदरानं पुसूनही दिले. तेवढ्यात गाडीचा मागचा दरवाजा उघडला आणि शेखरची आई उतरली. ती नवऱ्याकडं न बघता आली, दगडाला हात लावला आणि पुष्पाचा हात धरून मांडवाकडं चालू लागली. रंगराव दहा मिनिटांनी पायीच आले. गुडघा आखडला होता, जरा पाय मोकळे करावे म्हटलं, असं ते ज्याला-त्याला सांगत होते. कोणी हसलं नाही. मुहूर्त चुकला नाही, पंगतीला दोन गोड होतेच.

चौकीखेडातली आणखी एक चाल आहे. खानदेशात दिलेली लेक माहेरी आली की तीही दगडाशी उतरते, कारण लग्न झाल्यावर ती तिकडची झाली. माझी मोठी आत्या जन्मभर उतरली. गुडघे गेल्यावर काठी टेकत उतरली. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

लग्नाच्या पाचव्या दिवशी पुष्पा आणि शेखर मांडवपरतणीला आले. गाडी पुष्पा चालवत होती. लग्नात एवढं सगळं झालेलं, म्हणून आता बघायला बायका आधीच दगडाशी जमल्या होत्या. गाडी थांबली. शेखर कोणी न सांगता बाजूचा दरवाजा उघडून उतरला आणि चालत पुढं गेला. पुष्पानंही गाडी बंद करून पाय खाली टाकला.

"बस," मोठी माय वांग्यांच्या सरीतून ओरडली. हातातला विळा तसाच घेऊन ती बांधावर आली. "तू कायले उतरतं? गाडी चालू कर, घरी जाय."

माझ्या शेजारच्या एका म्हातारीनं विचारलं की अवं विमल, जावयाले उतरवलं, विहिणीले उतरवलं, अन् आता सोतानंच नेम मोडतं का?

"नेम परक्याले हाय," ती म्हणाली. "माही लेक पाच दिवसांत परकी काऊन झाली, थे कोनी तरी मले सांगा. मंग उतरवतो तिले."

पुष्पा स्टिअरिंगवर हात ठेवून रडत होती, आणि मोठी माय तिच्यावर चिडली होती, कारण गाडी अजून सुरू झाली नव्हती.

"मले माह्या सासूनं उतरवलं, तिले तिच्या सासूनं," ती म्हणाली. "थे माह्यापाशी संपलं. चाल आता, भाकरी थंडी होऊन राह्यली."