दारातल्या उन्हात धरून पाहा

फोटो छापायच्या प्रिंटरच्या पोटात एक स्पंज असतो. सांडलेली शाई तो गुपचूप पीत राहतो आणि एक दिवस मशीनच म्हणतं, बाप्पा, आता भरलं. आमच्या नालवाडीच्या दुकानातल्या किश्शांचं तसंच झालंय. माझ्या पोटात आता जागा नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

दुकान आम्हा दोघांचं. मी गिऱ्हाईक बघते, आमचे हे रंग बघतात. म्हणजे दुसरं काही बघतच नाहीत. फोटोतला रंग आणि कागदावरचा रंग एकच आला पाहिजे, एवढा एकच ध्यास माणसाला.

त्यापायी त्यांनी दुकानाच्या भिंतींना करडा रंग द्यायला लावला. रंगीत भिंत असली की डोळे फसतात म्हणे. पेंटरने दोन हात मारले आणि उभा राहिला. "भाऊ, प्रायमर तं झाला. आता रंग कोणता देऊ?"

"झाला रंग," हे म्हणाले.

पेंटर माझ्याकडे बघायला लागला. जाताना हळूच म्हणाला, "ताई, घरात काही दुःख झालं का?" अजूनही नवीन गिऱ्हाईक आलं की आधी विचारतं, काम अर्धवट काऊन राह्यलं?

*

मॉनिटरचा रंग मोजायचं एक यंत्र असतं. माऊसएवढं. ते स्क्रीनवर लटकवून ठेवायचं, मग स्क्रीन आपोआप लाल होते, हिरवी होते, निळी होते, आणि यंत्र कुठला रंग किती चुकतोय ते टिपून घेतं. दर महिन्याला हे काम. तेवढा वेळ कुणी हात लावायचा नाही, मोठ्याने बोलायचंही नाही, असा ह्यांचा कायदा.

एकदा शेजारच्या काकू नातवाचा फोटो घ्यायला आल्या. स्क्रीनला वायर लावलेली, ती रंग बदलतेय, आणि हे समोर हाताची घडी घालून बसलेले. काकू दारातच थबकल्या.

"याले काय झालं वं?"

"तपासून राह्यले काकू," मी म्हटलं.

काकू थोडा वेळ बघत राहिल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, "घरी ठेवून काय करता? सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊन दाखवा नं."

*

रंगीत शर्टाची झाक स्क्रीनवर पडते म्हणून हे दुकानात करडाच शर्ट घालतात. तसे करडे शर्ट त्यांच्याकडे बरेच आहेत, पण ते लोकांना कसं कळावं? माझ्या सासूबाईंना एका बाईने बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोराचं बरं चाललं आहे नं व्हो?"

असा हा माणूस लग्नाच्या वाढदिवसाला मला साडी घ्यायला निघाला. दुकानदाराने मोरपंखी साडी उलगडली. ह्यांनी ती उचलली आणि तडक रस्त्यावर. दुकानातल्या लाईटवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. दुकानदार गादीवरून उठून मागे पळाला, "ओ भाऊ, ओ भाऊ!" हे भर चौकात उन्हात साडी धरून उभे, आणि मला ओरडून सांगताहेत, "अवं, हे तं हिरवी हाय!"

त्या दुकानासमोरून आम्ही अजून जात नाही. साडी मात्र मी जपून नेसते.

*

तळेगावहून मायलेकी आल्या. स्थळांना पाठवायला पोरीचा फोटो हवा होता. फोटो झाला, पोरगी केस नीट करायला आत गेली तशी आई ह्यांच्या कानाशी आली. "भाऊ, थोडी उजळ करून देजा. मायबापाले समजून घ्या."

आई पाणी प्यायला बाहेर गेली तशी पोरगी आली. "काका, हाय तशीच ठेवजा. मंग तिथं जाऊन मले काय तोंड लपवत बसायचं हाय का?"

ह्यांनी दोन्ही काढून दिले. आईला उजळ, पोरीला खरा. कुठला पाठवला ते आम्ही विचारलं नाही. पण लग्नाची पत्रिका द्यायला आई आली तेव्हा आपणहून म्हणाली, "पोराची माय पाहाले आली नं, दारातच म्हणे, फोटोतलीच हाय हे, दुसरी कोणी नाई." आणि माझ्याच ओढणीने डोळे पुसले.

*

आता देवरावभाऊंचं सांगते.

देवरावभाऊ भाजीवाले. नवराबायको वाडीत भाजी पिकवायचे आणि बाजारात बसून विकायचे. बायको, सुशीलाबाई, गेल्या. तेरवीला फोटो ठेवायचा, तर घरात एकच फोटो निघाला. पुतण्याने मोबाईलवर बाजारात काढलेला. बाई भाजीच्या ढिगामागे बसलेल्या, हसताहेत, पण वर निळी ताडपत्री. बाईंचं तोंड निळं, हात निळे, दातसुद्धा निळे.

ह्यांनी निळं काढलं, प्रिंट दिली. देवरावभाऊंनी ती बराच वेळ हातात धरली.

"भाऊ, फोटो चांगला हाय. पण हे गोरी झाली. हे माहीवाली नाई."

"मग कशा होत्या?"

भाऊ बोलायला गेले आणि थांबले. एवढा संसार केला, पण बायकोचा रंग सांगता येईना. "सावळी होती," एवढंच म्हणाले, आणि मान खाली घातली. तेरवी तोंडावर आलेली.

हे स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, "या ढिगात काय काय आहे?"

"वांगे, टमाटे, मिरच्या, निंबू. आमच्याच वाडीतले."

"उद्या तेच घेऊन येजा."

दुसऱ्या दिवशी भाऊ पिशवी भरून घेऊन आले. ह्यांनी स्क्रीनखाली पांढऱ्या दिव्यात सगळं मांडलं आणि एकेक रंग जुळवायला बसले. लिंबू जुळलं. टमाटा जुळला. मिरचीने दम काढला. भाऊ खुर्ची ओढून शेजारीच बसले होते. भाजीचा रंग त्यांना बरोबर सांगता येत होता. "वांगं अजून लाल मारून राह्यलं भाऊ. आमचं वांगं काळपट हाय." बाईंच्या तोंडाकडे कुणी बघतच नव्हतं.

वांगं जुळलं आणि भाऊंची नजर वर बाईंच्या तोंडाकडे गेली.

"आली," ते म्हणाले.

प्रिंट निघाली. मी नेहमीप्रमाणे त्यांना दारात नेलं. "भाऊ, उन्हात धरून पाहा. आणि घरी पांढऱ्या उजेडात ठेवजा. रंगीत उजेडात फोटोचा रंग बदलतो." डॉक्टरने सांगितलेलं पथ्य ऐकावं तसं त्यांनी ते ऐकलं. फोटोला म्हणाले, "चाल वं, घरी जाऊ." वांगी ते आमच्याकडेच ठेवून गेले, त्यांची रात्री मी भाजी केली.

मग एप्रिल लागला. मी भाजी आणायला बाजारात गेले. डोकं तापत होतं. सगळ्या दुकानांवर ओळीने निळ्या ताडपत्र्या, आणि मध्येच एका जागी लख्ख ऊन. तिथे देवरावभाऊ डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसले होते. भाजीवर ओलं पोतं होतं. शेजारी खोक्यावर बाईंचा फोटो, आणि ताडपत्रीची घडी करून भाऊंनी खाली बसायला घेतलेली.

"देवरावभाऊ, एवढ्या उन्हात ताडपत्री काऊन नाई बांधली?"

त्यांनी पोतं बाजूला करून वांगी निवडायला घेतली.

"तिच्याखाली ते पुन्हा निळी पडते, ताई," ते म्हणाले.