बाप्पाच्या पायावरचं नाव

तो फोटो आजही डोळे मिटले की दिसतो. परळच्या कारखान्यातून आमच्या मंडळाचा गणपती बाहेर पडतोय, ऊन तिरकं आलंय, ताशाच्या दणक्यात उडालेल्या धुळीत सगळी माणसं विरघळून गेलीत. तेवढे बाप्पाचे डोळे स्पष्ट.

काळाचौकीच्या आमच्या मंडळाचं फेसबुक पेज मी सांभाळते. मंडळात बायकांना हळदीकुंकवापलीकडे कोण विचारतं? त्यामुळे हे काम मिळाल्यावर मी जरा शेफारलेच होते. फोटो कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यावर, बरोबर बाप्पाच्या पायावर, फोटोग्राफरचं नाव. माझं डोकंच फिरलं. देवाच्या पायावर नाव? उद्या मोदकावर मोबाइल नंबर छापाल! मी फोनवरच बोटाने ते नाव हळूहळू पुसलं, पाय स्वच्छ केले, हात जोडले आणि फोटो पेजवर टाकला. खरं सांगते, पूजा केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या फोटोग्राफरचा मेसेज आला. 'ताई, फोटो माझा आहे. नाव का पुसलंत? नावासकट टाका, नाहीतर काढा.' साधं बोलला होता माणूस. पण मी कसली ऐकते! 'बाप्पा सगळ्यांचा आहे, तुमच्या घरचा नाही,' असं ठणकावलं.

चार दिवसांनी पेज बंद. कॉपीराइटची तक्रार होती, आणि तक्रार करणाऱ्याने ती मागे घेतली तरच पेज परत मिळणार होतं. याआधी मी असेच दोन फोटो उचलले होते, तेव्हा ताकीद आली होती म्हणे. ती मी वाचलीसुद्धा नव्हती. अध्यक्ष म्हणाले, "जाऊ दे गो, नवीन बनव." त्यांना काय सांगू? त्या पेजवर माझे बाबा होते.

बाबांची शेवटची आरती मी पेजवरून लाइव्ह दाखवली होती. फोनमध्ये ती वेगळी ठेवायची कधी सुचलंच नाही. टाळ चुकवत, मालवणी हेल काढून वरच्या पट्टीत गाणारे बाबा. ते गेल्यापासून दुपारी भांडी आवरली की मी तो व्हिडिओ लावून लवंडायचे, आणि अर्धवट झोपेत वाटायचं, ते बाहेरच्या खोलीतच आहेत. आता आवाज गेला. माझ्या आगाऊपणाने गेला.

शेवटी त्या फोटोग्राफरकडे गेले. हिंदमाताला, साड्यांच्या दुकानांच्या वर, त्याचा एवढासा स्टुडिओ. पन्नाशीचा माणूस, दुकानाच्या फोटोसाठी पुतळ्याला नेसवलेल्या साडीच्या निऱ्या नीट करत होता.

"मीच ती, पेजवाली," मी म्हटलं. "चुकलं माझं." मग बाबांचं सांगायला गेले आणि रडूच फुटलं. त्याने पाणी दिलं. फोन काढून माझ्यासमोरच तक्रार मागे घेतली. मी गप्प निघायला हवं होतं, पण जीभ राहते का माझी?

"पण पायावरच का हो नाव? कोपऱ्यात जागा नव्हती?"

तो जरा लाजला. "ताई, गणपती बाहेर येतो तेव्हा सगळे हात जोडतात. माझे दोन्ही हात कॅमेऱ्याला. इतकी वर्षं समोर उभा राहतोय, पण नमस्कार राहूनच जातो. म्हणून घरी आलो की नाव तेवढं पायाशी ठेवतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका माणसाचा नमस्कार पुसला होता मी, आणि वर हात जोडले होते.

काही दिवसांनी पेज परत आलं. त्याला विचारून फोटो पुन्हा टाकला, पायावरच्या नावासकट. मग दार लोटून बाबांचा व्हिडिओ लावला. सगळे टाळ्या वाजवतायत आणि मी कुठेच नाही, माझे दोन्ही हात फोनला. आरती संपते, बाबा वळून सरळ माझ्याकडे बघतात. "तो फोन ठेव गो चेडवा, देवाच्या पाया पड."

"थांबा हो बाबा," असा माझा आवाज येतो आणि व्हिडिओ संपतो.

शंभरदा ऐकलं असेल मी ते. त्या दुपारी पहिल्यांदा फोन खाली ठेवला आणि हात जोडले.