सरांच्या पुडीतले केस

यावलला आमच्या शेजारी कॉलेजात शिकवणारे एक सर राहतात. बोलताना ते डोळ्यांत बघत नाहीत, डोक्याकडे बघतात. रविवारी सलूनमध्ये येतात आणि खाली पडलेले केस पुडीत बांधून नेतात.

"सरले लहान पोरांचेच लागता, भाऊ," न्हावी मला हळूच म्हणाला.

परवा त्यांनी माझ्या मुलीच्या फ्रॉकवरचा केस चिमटीत उचलला. मी त्यांचा हात धरला.

"प्रयोगशाळेत गोठ्याची माती घेऊन तिच्यावर केस पसरले की गजकर्णाची बुरशी त्यांवर उगवते," ते शांतपणे म्हणाले. "तिच्यातून रस सुटतो. तो केसातलं, कातडीतलं प्रथिन कापतो आणि तेच ती खाते. मोठ्यांच्या केसांत अंगचं तेल असतं, तिथे ती नीट वाढत नाही."

पटलं मला. तरी मुलीचे केस आता मी घरीच कापतो, वाकडेतिकडे, आणि झाडून सगळे बंबाच्या जाळात टाकतो.