जेवण आधी सांगावं लागतं

दिवाळी उरकली, त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही मुळशीला गेलो. मुलीला तिथलं वॉटर पार्क बघायचं होतं, नवऱ्याला तिचे फोटो काढायचे होते, सासूबाईंना कुठेच जायचं नव्हतं आणि मला झोपायचं होतं. माझी अट एकच होती. शनिवार-रविवार मला कोणी काहीही विचारायचं नाही.

अट ऐकायला सोपी वाटते. पण आमच्या घरात सकाळी मी डोळे उघडायच्या आत कोणीतरी विचारतं, डब्याला काय? मग पांढरा युनिफॉर्म की निळा, दूध किती घेऊ, फरशी आज पुसू की उद्या. ऑफिसात माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत, सगळी शिकलेली, आणि त्यातलं एकही स्वतःच्या डोक्यानं काही ठरवत नाही. संध्याकाळी परत येताना चांदणी चौकात गाडी अडकली की नवऱ्याचा मेसेज येतो, ‘रात्री काय?’ तोवर माझ्या डोक्याचा पार भुगा झालेला असतो. त्यात दिवाळी आली, गावाकडचे पाहुणे आले आणि नाकी नऊ आले. भाऊबीजेच्या संध्याकाळी मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसले आणि नवऱ्याला म्हटलं, आता मला कोणी पुऱ्या किती लाटू असं विचारलं तर मी उठून निघून जाईन. मी ओरडले असते तर त्यानं मनावर घेतलं नसतं. मी हळू बोलले म्हणून तो घाबरला आणि त्यानं हॉटेल बुक केलं.

“पार्कातलंच हॉटेल आहे,” तो म्हणाला. “बुफे असतो. समोर मांडून ठेवतात. तू फक्त ताट घ्यायचंस.”

त्या वाक्यावर मी आठवडा काढला. खोटं कशाला सांगू, ऑफिसात मीटिंग चालू असतानाही मला ती झाकणाची भांडी ओळीनं मांडलेली दिसायची.

बावधनहून निघालो, पिरंगुट गेलं, पौड गेलं. भात कापून झाला होता, खाचरांत नुसती खुंटं राहिली होती. पार्काच्या फाटकाशी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. फाटकावरच्या माणसानं नवऱ्याच्या मोबाईलवरची पावती खालीवर करून पाहिली.

“सर, ये हमारा नहीं है.”

“हेच तर नाव आहे पार्काचं,” नवरा म्हणाला.

“अंदर है सर. लेकिन हमारा नहीं है.”

मग उलगडा झाला तो असा. पार्काच्या कुंपणाच्या आत पार्काचं स्वतःचं मोठं हॉटेल आहे, बुफेवालं. आणि त्याच कुंपणाच्या आत, मागच्या अंगाला, आणखी तीनचार छोटी हॉटेलं आहेत. ती ज्यांची त्यांची आहेत. रस्ता एकच, फाटक एकच, पत्त्यातही पार्काचंच नाव. नवऱ्यानं पत्ता वाचला आणि फोटो पार्काच्या हॉटेलचे पाहिले. तो दिवसभर कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या चुका शोधतो, हे त्याचं काम आहे.

आमच्या मनगटांवर पिवळ्या पट्ट्या बांधल्या. पार्काच्या पाहुण्यांना निळ्या. निळ्यांना बॅटरीच्या गाडीतून नेतात, पिवळ्यांनी चालायचं. गाडी फाटकाबाहेर लावून आम्ही निघालो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून पावलोपावली थांबत, एका सिमेंटच्या डायनोसोरच्या शेपटीला वळसा घालून. सासूबाई एकदाही कुरकुरल्या नाहीत. त्या कधीच कुरकुरत नाहीत. सासरे गेल्यापासून नऊ वर्षं त्या आमच्याकडे आहेत आणि त्यांचा त्रास असा काही नाही, हे मी सगळ्यांना सांगते.

हॉटेल म्हणजे पत्र्याच्या पडवीची सहा खोल्यांची रांग. मागे शेळ्या-मेंढरांचं कुंपण, पुढे तुळस, आणि तुळशीच्या वरून दिसणारी पार्काची लाल घसरगुंडी. भिंतीवर पाटी होती: जेवण आधी सांगावे. सांगितले तेवढेच केले जाईल. ती मी दोनदा वाचली.

मालकीणबाई पन्नाशीच्या, हाडापेरानं काटक. मी त्यांना मावशी म्हटलं, त्यांनी मला ताई. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं आणि चौकशी केली.

“चालत आला व्हय? ती गाडी आमच्याकडं येत न्हाई. समद्यांनी जिमिनी इकल्या, आमच्या सासऱ्यानं एवढा तुकडा ठिवला. मेंढरं कुटं बांदायची, म्हनून. मंग भवतीनं पार्क झालं. आता माज्या घरी यायला मलाच पास लागतुया.” हे त्यांनी जराही दुःख न करता सांगितलं आणि पदराला हात पुसून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “तर सांगा. दुपारला काय करू? कोंबडी, का पिठलं, का मासवडी? भाकरी तांदळाची का जवारीची? तिखाट किती? भात किती जनांना लावू?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याला अट आठवली आणि त्यानं मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, मला नूडल्स. मावशी म्हणाल्या, त्ये न्हाई. नवरा म्हणाला, आई, तुला काय? सासूबाई म्हणाल्या, “मला काहीही चालतंय.”

हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकते आहे. ज्याला काहीही चालतं त्याच्यासाठी स्वयंपाक करणं म्हणजे अंधारात सुई ओवणं. चुकलं की बरोबर ते कळत नाही, कारण समोरचा शांतपणे चार घास खातो आणि उठतो. मी नेहमीचं सगळं सांगून टाकलं. पिठलं नको, वरण करा, मुलीला तिखट नको, आईंना मऊ भात लागतो, तो जरा जास्त शिजवा. मावशींच्या तोंडावर समाधान पसरलं. नवरा कुजबुजला, “बघ, तुलाच बरोबर माहीत असतं.” पळसाला पानं तीनच, मग ते बावधन असो की मुळशी.

जेवण झालं. बापलेक पार्कात गेले. सासूबाई भिंतीकडे तोंड करून त्यांच्या खाटेवर आडव्या झाल्या आणि मी माझ्या. खिडकीतून गार वारा येत होता. लांबून लाऊडस्पीकरवरचं गाणं यायचं आणि मधूनच कोणीतरी घसरगुंडीवरून किंचाळत खाली यायचं. आता झोप लागणार हे माझ्या अंगाला कळत होतं.

फोन वाजला. “अगं, हिचा टॉवेल कुठल्या बॅगेत आहे?” सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा. “मोठ्या घसरगुंडीला हिची उंची दोन बोटं कमी भरतेय, तरी सोडतायत. पाठवू का?” नको म्हटलं. मग तिसऱ्यांदा, लॉकरची किल्ली गळ्यात घालू की खिशात ठेवू, हेही मीच सांगायचं होतं. मी फोन उशीखाली सारला. आता जरा डोळा लागतो आहे असं वाटलं तेवढ्यात दारावर टकटक झाली.

“ताई, रातीला काय करू?”

मी उठून दार उघडलं. मला आठवतं की मी नीट बोलायला तोंड उघडलं होतं. पण बाहेर आलं ते भलतंच. “मला नका विचारू हो,” मी म्हटलं. “पाया पडते तुमच्या. मला कोणीच काही विचारू नका.” आणि मला रडू फुटलं. चाळिशीची बाई, हातात पिवळी पट्टी, परक्या दारात उभी राहून रात्रीच्या जेवणावरून रडते आहे. लाज वाटत होती, पण थांबता येत नव्हतं.

मावशींनी माझ्या पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. त्या उंबऱ्यावर बसल्या. त्यांचाच चेहरा उतरला होता.

“मंग मी काय करू?” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला जे वाटेल ते करा ना.”

“त्येच तर नगं वाटतंय.” त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला. “एकवीस वर्सं समद्यांचं मीच ठरवलं. सासऱ्याचं, दिराचं, पोरांचं. इचारलं तर म्हनायचे, कर कायबी. आन् केलं की म्हनायचे, ह्ये कशाला केलं? हाटेल काढलं तवा कुटं माजं डोकं मोकळं झालं. गिराईक सांगतंय, मी करते. चुकलं तर गिराइकाचं चुकलं. तुमी न्हाई सांगितलं तर मला पुन्यांदा इचार करावा लागंल.”

मी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. जो विसावा मी शोधत इथवर आले होते, तोच या बाईंनी सहा खोल्या बांधून मिळवला होता, आणि तो माझ्या सांगण्यावर अवलंबून होता. दोघींपैकी एकीलाच मिळणार होता. माझ्या मनात आलं, मी पाहुणी आहे, माझा हक्क आधी. मग त्यांचे खरबरीत हात दिसले आणि तेही ठामपणे म्हणता येईना.

“थांबा,” मी म्हटलं. उशीखालून फोन काढला, नवऱ्याला लावला आणि स्पीकर चालू केला. “रात्री जेवायला काय करायचं ते तू सांग. आत्ता. मावशी ऐकतायत.”

मागे पाण्याचा आणि पोरांचा गोंगाट होता. “अगं, काहीही चालेल!” तो ओरडला. “तूच ठरव ना!”

“बगा,” मावशी म्हणाल्या. आम्ही दोघी हसलो, पण ते हसणं काही फार टिकलं नाही. जेवण अजून ठरायचं होतं.

“पिठलं करा, बाई.”

आवाज मागून आला. सासूबाई खाटेवर उठून बसल्या होत्या. झोपल्या नव्हत्याच म्हणायच्या. मावशी पटकन उठून उभ्या राहिल्या.

“घट्ट नको, पळीवाढं करा,” सासूबाई म्हणाल्या. “लसूण ठेचून घाला, चांगला मूठभर. मिरची हिरवीच, आणि तिखट हात राखून घालू नका. भाकरी ज्वारीची. वर घ्यायला कच्चं तेल ठेवा.”

“आन् भात? नवा तांदूळ हाय घरचा. दुपारवानी मऊ लावू?”

“भात नको,” सासूबाई म्हणाल्या. “मला भात आवडत नाही.”

मावशी खुशीत निघून गेल्या. मी खाटेच्या कडेवर बसले. आमच्या लातूरकडे ज्वारी खातात हे मला माहीत नाही असं थोडंच आहे, मीही तिकडचीच. पण सासूबाई आल्या तेव्हा त्यांची दाढ दुखत होती म्हणून मी मऊ भात सुरू केला आणि दाढ काढली तरी तो चालूच राहिला. नऊ वर्षं, रोज रात्री.

“आई,” मी म्हटलं, “मी रोज विचारते तुम्हाला.”

“विचारतेस की.”

“मग सांगायचं नाही का?”

मला राग आला होता, तो मी लपवला नाही. यांनी एकदा तोंड उघडलं असतं तर माझा रोजचा एक प्रश्न कमी झाला असता. मी काय भाकरी केली नसती?

सासूबाईंनी उशी नीट ठेवली. “तू विचारतेस तेव्हा तुझं तोंड कसं असतं, ते तुला दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “दमून गेलेली असतेस. पर्स खांद्यावरच असते. त्या तोंडाकडं बघून मला काही मागावंसं वाटत नाही. मागितलं असतं तर तू केलं असतंस, मला माहीत आहे. म्हणून नाही मागितलं.”

त्या रागानं बोलल्या असत्या तर मला चार शब्द सुचले असते. पण त्या मला समजून घेऊन बोलत होत्या. मी ज्याला त्यांचा शांत स्वभाव म्हणत आले, तो त्यांचा रोजचा विचार होता. माझ्यासाठी त्या रोज काहीतरी सोडून देत होत्या आणि मी वर त्यांच्या ‘काहीही चालतंय’ची नक्कल ऑफिसात करून दाखवत होते. मला माझी फार लाज वाटली. त्या पुन्हा आडव्या झाल्या. मीही झाले, पण झोप गेली होती.

बापलेक भिजून, दमून परत आले. मुलगी सांगत सुटली होती, नवरा विचारत होता, ओले कपडे कुठे वाळत घालू? मी मुलीचे केस पुसत राहिले. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि पडवीतली दोरी त्याची त्याला सापडली.

साडेसातला पडवीत ताटं मांडली. मेंढरं परत आली होती, मागून त्यांचा वास येत होता. पिठल्यावर लसूण तरंगत होता. मुलीसाठी मावशींनी स्वतःच्या डोक्यानं दूध-भाकरी कुस्करली होती. “भात नाही?” नवऱ्यानं विचारलं. “नाही,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी मोडली.

त्या तिखटानं नाक ओढत जेवत होत्या. एक भाकरी झाली, दुसरी झाली. मग त्यांनी वाटी उचलून मावशींपुढे धरली आणि म्हणाल्या, “अजून वाढा.”

माझ्या हातचं त्यांनी कधी दुसऱ्यांदा मागून घेतलं नव्हतं. दसऱ्याच्या सुमारास मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं, वजन उतरत चाललं होतं म्हणून. जेवण कसं आहे, असं डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, आणि उत्तर मी दिलं होतं. म्हटलं होतं, यांची भूकच कमी आहे.