गोंद लावलेलं जऊळका स्टेशन

माझा दीर संघपाल सत्तेचाळीस वर्षांचा आहे, मंगरूळपीरच्या पंचायत समितीत कारकून आहे आणि प्लास्टिकच्या विटांशी खेळतो. हे वाक्य मी माझ्या वहीत आधीही लिहिलेलं आहे. दरवेळी लिहून झालं की वाटतं, लिहिण्यात काही चूक झाली असेल. चूक नाही. तो खरंच खेळतो.

विटा म्हणजे लहान मुलांच्या. वर गोल बोंडं, खालून पोकळ, एकीवर दुसरी दाबली की टक्कन बसते. त्याच्या पोरीच्या कुठल्याशा वाढदिवसाला पाहुण्यांनी पुण्याहून डबा आणला होता. पोरगी आठवड्यात विसरली. आता ती अमरावतीला कॉलेजात आहे आणि बाप अजून त्या डब्यापाशीच बसलेला आहे. आमच्या घरात खाली आम्ही राहतो, वर संघपाल आणि त्याची बायको रत्नमाला. वरच्या खोलीत पाहुणा आला तर त्याला टेकायला जागा नाही, कारण तिथे डबे बसलेले आहेत. पांढऱ्या विटांचा वेगळा, पिवळ्यांचा वेगळा, करड्यांचे दोन. दोन कशाला, म्हणून मी विचारलं होतं. तर एक जुना करडा आणि एक नवा करडा, कंपनीने मध्येच रंग बदलला म्हणे. त्याने दोन विटा खिडकीतल्या उन्हात धरल्या.

"पाहा ना वहिनी, हा जरासा निळसर नाही वाटत?"

मला काही वाटलं नाही. मी खाली आले आणि तांदूळ निवडायला बसले. तिथे निदान खडा कोणता आणि दाणा कोणता, हे कळतं.

मी पहाटे त्रिशरण पंचशील म्हणते, पौर्णिमेला अष्टशील पाळते, वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला बसते. तिथे संघपालच्या वयाची माणसं दिवसभर राबून येतात आणि हात जोडून बसतात. आपल्या मनाला कुठेतरी आवर घालावा, एवढंच त्यांचं मागणं असतं. त्याच वेळी हा गुडघे मोडून डब्यात हात घालून छपराला लागणारी एखादी उतरती वीट शोधत असतो. चल म्हटलं तर यायचा नाही. उलट एकदा मलाच ऐकवलं.

"वहिनी, हे बी अनित्यच आहे. जोडलं ते सुटते. म्हनून तं आमी गोंद लावत नाही."

"अनित्याचं मले नको शिकवू," मी म्हटलं. "तुही तृष्णा डब्यात मावून नाही राह्यली, आन मले अनित्य सांगतं!"

रत्नमाला हसली. तिला हसायला काय झालं? डब्यांवरची धूळ ब्रशने झाडायला तीच असते.

बरं, हा एकटा असता तर घरातलं एक खूळ म्हणून सोडून दिलं असतं. पण अशा मोठ्या माणसांची एक जमातच आहे. नागपूर, पुणे, इंदूर, हैदराबाद, कुठले कुठले बाप्ये मोबाईलच्या ग्रुपवर जमलेले. कोणी किल्ला बांधतो, कोणी रॉकेट, आणि बाकीचे त्याला "भाई, क्या बात है" म्हणतात. कोणाचं लग्न झालं, कोणाची आई गेली, याची तिथे चौकशी नाही. पण कोणी नकली विटा वापरल्याचा संशय आला, तर चार दिवस भांडण. अस्सल विटेच्या प्रत्येक बोंडावर कंपनीचं नाव असतं म्हणे, ते भिंग लावून पाहतात. रंग द्यायचा नाही, वीट कापायची नाही, गोंद लावायचा नाही. गोंद तर सगळ्यात मोठं पाप. ज्याने गोंद लावला त्याने बांधलंच नाही, चिकटवलं, असं त्यांचं म्हणणं.

या जमातीत संघपाल कितीतरी वर्षं आहे, आणि कितीतरी वर्षं नुसता दुसऱ्यांच्या फोटोंना अंगठे देतो आहे. त्याने पहिल्यांदा गाव सांगितलं तेव्हा कोणीतरी विचारलं होतं, "वाशी? नवी मुंबई?" याने लिहिलं, वाशिम. पुढे कोणी काही विचारलं नाही. यंदा त्या लोकांनी अकोल्यात प्रदर्शन ठेवलं. स्वतःच्या मनाने काही बांधून आणेल आणि नियमात बसेल त्याला एक टेबल आणि टेबलावर नावाची पाटी. संघपालला ते टेबल पाहिजे होतं. माणसाला काय पाहिजे असावं याला काही धरबंध नाही. पदोन्नतीची परीक्षा आली तेव्हा हा निवांत होता. टेबलासाठी मात्र जेवण विसरला.

बांधलं काय? जऊळक्याचं स्टेशन. माझे सासरे तिथे रेल्वेत रूळ ठोकून तपासणारे गँगमन होते, हे दोघे भाऊ त्या फलाटावरच वाढले. आहे काय त्या स्टेशनात? एक इमारत, काही बाकं, एक कडुलिंब, आणि मोठ्या गाड्या ज्याच्याकडे न पाहता निघून जातात अशी एक पिवळी पाटी. ते सगळं याने पावसाळाभर बसून चौरंगाएवढ्या पाटावर उभं केलं. फलाटाच्या कडेला हातोडा घेतलेला एक बोटभर माणूस ठेवला. कोण म्हणून मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगत बसला असता.

माझे मालक पंजाबराव, म्हणजे संघपालचे मोठे भाऊ, फर्निचरचं काम करतात. आयुष्यात त्यांनी हलणारी वस्तू पाहिली आणि तशीच राहू दिली, असं झालेलं नाही. लोकांच्या घरी चहाला गेले तरी खुर्चीचा पाय चाचपतात. भावाच्या विटांकडे पाहून ते एवढंच म्हणायचे, "अबे, सागवानात करून देतो एका रोजात. नातवंडं बसतीन त्याच्यावर."

अकोल्याला निघायच्या आदल्या दिवशी संघपाल कचेरीत अडकला. मी आणि रत्नमाला विहारात होतो. परत आलो तर मालक वरून उतरत होते, हातात ओला फडका, चेहऱ्यावर असं समाधान की एखाद्याचं लग्नच जमवून आले.

"काय केलं तुमी वर?"

"काय करनार? सहज उचलून पाह्यलं तं छप्पर हातात आलं ना वं! बसमधी त्याचं काय राह्यलं असतं? पुरं पक्कं करून टाकलं. पांढरा गोंद, बारीक ब्रशनं. एक सांधा सोडला नाही. आता आपटा म्हना."

रत्नमाला जिन्याच्या पायरीवरच बसली. खरं तर संघपाल ते सुटं करून डब्यांमधून नेणार होता आणि तिथे जाऊन पुन्हा जोडणार होता. त्यांची रीतच तशी. हे भावाला सांगायचं राहून गेलं. सांगणार तरी कधी? भाऊ विटांचं नाव काढलं की सागवानावर यायचा.

संघपाल आला, वर गेला. आम्ही मागे. त्याने छपराला बोट लावलं. छप्पर हललं नाही. दुसरीकडे लावलं. तेही नाही.

"दादा, तुमी केलं हे?"

"मंग कोन करनार? बाबाचं स्टेशन हाय, अन् लटलट हलून राह्यलं होतं!"

संघपाल छपरावरून हात काढून मागे सरला. मग म्हणाला, "बरं केलं."

तो खाली हातपाय धुवायला गेला तेव्हा रत्नमाला माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, आता त्याइले टेबल देत नाहीत."

"नाही देलं तं नाही देलं. घरात टेबल नाही काय आपल्या?"

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. एकदाचं नाक कापलं जाईल आणि खोली मोकळी होईल.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं निघालो. मालक या कामासाठी पहिल्यांदाच भावाबरोबर जात होते, आपलं काम लोकांना दिसावं म्हणून. रत्नमालाने मला ओढलं. स्टेशन चादरीत गुंडाळून संघपालच्या मांडीवर. बार्शीटाकळीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मालक मागे वळून म्हणायचे, "पाह्य, हललं काय?" आणि संघपाल म्हणायचा, "नाही दादा."

अकोल्याच्या त्या हॉलमध्ये जे पाहिलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे कधी स्वतःच्या दुःखाचं फार कौतुक वाटायला लागलं तर वाचता येईल. दाढ्या पिकलेली माणसं, एकसारखे बनियनसारखे शर्ट घातलेली, पोटं टेबलाला लावून उभी. एकजण चिमट्याने एक दाण्याएवढा दिवा बसवत होता आणि त्याची बायको मागे लहान पोर घेऊन ताटकळत होती. पोराने किल्ल्याला हात लावला तर तो बाप असा ओरडला की पोर रडायला लागलं. खेळणं कोणाचं, हे त्या जागी विसरायचंच असावं.

नरेंद्र नावाचा नागपूरचा माणूस त्यांचा मुख्य. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. त्याने स्टेशन पाहिलं आणि खरंच थांबला.

"अरे वा! हे तुमचं ओरिजिनल डिझाइन आहे? कुठलं स्टेशन?"

"जऊळका," संघपाल म्हणाला. "वाशिम जिल्ह्यातलं."

"सुंदर. पाटीची अक्षरं पण विटांचीच? सुंदर." नरेंद्र वाकला. मग त्याची नजर फलाटाच्या कडेला गेली, तिथे सांध्यात पांढरा दोरा सुकल्यासारखं काही दिसत होतं. त्याने नखाने एक वीट उचलून पाहिली. उचलली गेली नाही. तो सरळ उभा राहिला.

"गोंद आहे हा?"

माझ्या मालकांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, कोणीतरी कामाची पारख केली. त्यांनी तोंड उघडलं, "अहो, तो म्या..."

"मीच लावला," संघपाल मध्येच म्हणाला. "बसमधी मोडन म्हनून."

"तुम्हाला नियम माहीत नव्हता? इतकी वर्षं ग्रुपवर आहात."

"माहीत होता."

"माहीत असून?" नरेंद्र हसला, आणि आजूबाजूचे दोघे तिघे जमले. "सर, मग हे शोपीस झालं. असं तर बाजारातही मिळतं." एकजण हिंदीत म्हणाला, "चिपकाना था तो खिलौने की दुकान खोल लेते." त्यांच्यात हशा झाला. माझ्या दिरावर हसायचा हक्क आमच्या घराचा आहे, त्या लोकांचा नाही, असं मला तिथे वाटलं. भिक्खूंच्या विनयातसुद्धा चूक कबूल केली की माणूस पुन्हा आपल्या जागी बसतो. इथे तसं काही नव्हतं. टेबलावरची नावाची पाटी उचलली आणि दुसऱ्या कोणाच्या तरी अंतराळयानाला जागा झाली. पुढच्या वर्षी गोंद न लावता आणा, मग पाहू, म्हणाले.

मालकांनी उघडलेलं तोंड हळूच मिटलं. मला वाटलं होतं ते भांडतील. त्यांनी स्टेशन उचललं, चादरीत गुंडाळलं, आणि परतीच्या बसमध्ये ते स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले. एकदाही मागे वळले नाहीत.

घरी आल्यावर मी संघपालला म्हटलंच. "चार लोकाइच्या देखत खोटं बोललास. चौथं शील मोडलं तू."

"हाव वहिनी."

"आन कायच्या पायी? टेबलाच्या पायी नाही, टेबल तं गेलंच."

"दादा समोर उभे होते," तो म्हणाला आणि वर गेला.

मी त्याला क्षमा करणारी कोण? शील त्याचं त्याने मोडलं. पण ही गोष्ट विहारात कोणाला सांगावी असं मला वाटलं नाही, आणि सांगितली नाही.

आता खोली मोकळी होईल, असं मी धरून चालले होते. गोंद लागलेल्या विटा काही कामाच्या राहिल्या नव्हत्या, आणि अस्सल विटा पुन्हा जमवायच्या तर त्याचं निवृत्तीचं वय यायचं. संघपाल मोबाईलही उघडत नव्हता. रविवारी सकाळी तो वर स्टेशनसमोर बसून चमच्याने सांधा उचकटत होता, ते रत्नमालाने सांगितलं. चमचा वाकला. तोही माझ्या घरातला.

मालक ऐकत होते. ते उठले, वर गेले, आणि स्टेशन पाटासकट उचलून मागच्या नहाणीत आणलं. संघपाल मागोमाग.

"पानी गरम कर," मला म्हणाले.

"अंघोळ झाली ना तुमची?"

"कर म्हनतो ना. लय कढत नको, बोट टिकलं पाह्यजे. हा गोंद थंड पान्यात सुटत नाही."

मी पातेलं ठेवलं. मालकांनी घमेल्यात पाणी ओतलं, छप्पर आधी बुडवलं, आणि दोघे सख्खे भाऊ नहाणीच्या दगडावर उकिडवे बसले. थोड्या वेळाने पाण्यावर पांढरी साय आली. मालकांनी जोर लावला तसा संघपाल ओरडला.

"दादा, पिरगळू नका, बोंड मोडते! सरळ वर ओढा."

"गोंदाचं मले शिकवतं काय बे?"

"गोंदाचं नाही. विटाचं."

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि सरळ वर ओढलं. टक्क. एक वीट सुटली. त्यांनी ती लुंगीला पुसली, उजेडात धरली आणि विचारलं, "हा जुना करडा व्हय का नवा?"

माझा नवरा, साठीला आलेला माणूस, सकाळची गिऱ्हाइकं सोडून हे विचारतो आहे. एकाचं खूळ होतं तोवर निभत होतं.

"बायाइनं पानी तापवावं आन बाप्याइनं खेळावं," मी म्हटलं.

"तं तू बी बस ना वं," मालक मान वर न करता म्हणाले.

मी बसले नाही. पातेल्यात पाणी संपलं होतं, ते पुन्हा भरून गॅसवर ठेवलं आणि भाजी चिरायला घेतली.