दोन परवाने, एकच प्लास्टिक

आमच्या बाबांनी दुबईला जबल अलीतल्या एका कंपनीत पंचवीस वर्षं ॲडमिन सांभाळलं. कंपनीने मोडीत काढलेलं लॅमिनेशनचं मशीन त्यांनी मुलगी मागून आणावी अशा थाटात घरी आणलं. मग ऊद मेथातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जे जे सपाट होतं ते प्लास्टिकमध्ये गेलं. जन्मदाखले, माझं तिसरीचं प्रगतिपुस्तक, सत्यनारायणाच्या सामानाची यादी. आई पापड वाळत घालायची तेव्हा शेजारी राखण करत बसायची, शपथ.

अशा घरात मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी बहिणीच्या साखरपुड्याला अमेरिकेहून आठ दिवसांसाठी आलो. बायको अमेरिकेची नागरिक, न्यू जर्सीत, सातव्या महिन्यात. तिच्यामुळे माझा ग्रीन कार्डाचा अर्ज चालू होता, आणि अर्ज चालू असताना देशाबाहेर पडून परत यायचं तर खास परवाना लागायचा. माझ्याकडे त्याच्या दोन मूळ प्रती होत्या. परतताना विमानतळावर त्यावर शिक्का बसणार. परवाना नसेल तर अर्ज रद्द, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून बाहेर आलो, तर बाबा हसत उभे. हातात परवाना. गुळगुळीत, चकचकीत, गरम.

"एवढा महत्त्वाचा कागद असा उघडा ठेवतात का रे? दोन्ही पाठीला पाठ लावून बसवले. एका प्लास्टिकमध्ये काम झालं."

"बाबा, यू लॅमिनेटेड हिज लाइफ!" बहीण किंचाळली. ती किंकाळी शारजात ऐकू गेली असणार.

वकिलाला फोन केला. तो म्हणाला, प्लास्टिकवर शिक्का धरत नाही, अधिकारी परतही पाठवेल. अमेरिकन वकिलातीत गेलो. तिथली बाई म्हणाली, नवा परवाना अमेरिकेत हजर असताना मागावा लागतो. म्हणजे परवान्यासाठी अमेरिकेत जायचं, आणि अमेरिकेत जाण्यासाठी परवाना! मी तिकीट पुढे ढकललं. मग पुन्हा ढकललं.

आठाचे एकोणीस दिवस झाले. व्हिजिट व्हिसाही संपत आला. इथे राहता येईना, तिथे जाता येईना. हॉलमधून बाल्कनीत आणि बाल्कनीतून हॉलमध्ये मी इतक्या फेऱ्या मारल्या की तेवढ्यात पायी न्यू जर्सी आलं असतं. शेजारी सांत्वनाला यायचे, चहा प्यायचे, "इन्शाल्ला होईल" म्हणायचे आणि जाताना मशीनची चौकशी करायचे. बायको फोनवर आधी रडली, मग चिडली, मग नुसती गप्प राहायला लागली. ते मात्र मी फुगवून सांगत नाही. ती गप्प राहिली की मला त्या फ्लॅटच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटायच्या.

बाबा माझ्याशी बोलणं टाळत होते. विसाव्या दिवशी सकाळी ते पट्टी आणि ब्लेड घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले.

"अहो, आता आणखी काय करताय?" आईने विचारलं.

"गप्प बस गं. प्लास्टिक कशाला चिकटलंय? पुढच्या बाजूला. पाठी एकमेकींना लागून आहेत. त्या कोऱ्याच असणार."

त्यांनी चारही कडा सरळ कापल्या. रेघ जराही हलली नाही. दोन कागद अलगद सुटे झाले. पुढून प्लास्टिक, मागून कोरा, खरखरीत कागद. दोन्ही केळीच्या पानासारखे वळत होते. बाबांनी त्यांच्यावर पोळपाट ठेवला.

न्यू यॉर्कच्या विमानतळावर मला एका आतल्या खोलीत तीन तास बसवलं. माझ्या पाठीला त्या खुर्चीचा आकार आला. शेवटी अधिकाऱ्याने कागद उलटसुलट केला, नखाने प्लास्टिक खरवडून पाहिलं.

"हे कोणी केलं?"

"वडिलांनी."

त्याने कागद पालथा घातला आणि मागे शिक्का मारला.

बाहेर बायको पोट सांभाळत उभी होती. तिथूनच दुबईला फोन लावला.

"मागे उमटला ना?" बाबा म्हणाले. "मी ती बाजू मुद्दाम मोकळी ठेवली होती."

त्यांच्यामागून मशीन तापल्याची घरघर ऐकू येत होती.