टोचणाऱ्या फळ्या

सक्करदऱ्याचा तो कारागीर सोफे बनवायचा. नावेचा ट्रेलर त्यानं त्याआधी पाहिलाही नसावा. ट्रेलरवर नाव ज्या दोन लांब फळ्यांवर टेकते, त्या कुजल्या होत्या. मी मोठ्या हौसेनं स्वतःच नव्या बसवल्या, वरून जाड गालिचा ठोकला, आणि पहिल्याच रविवारी नावेच्या बुडाला दोन लांब चरे पडले. मग रिकामा ट्रेलर घेऊन निमूट त्याच्याकडे गेलो.

त्यानं गालिच्यावर तळहात फिरवला.

"खिळे वरून काहून ठोकले, भाऊ?"

"घट्ट बसावा म्हणून."

"सोफ्यावरच्या पाहुण्याले टोचलं, त तो उठून सांगते. हे बिचारी नाव कोनाले सांगन?"

मग त्यानं फळ्या सोडवल्या, माझे खिळे उपटले, ओठांत बारीक खिळे धरून फळ्या उलट्या केल्या, गालिचा अंगठ्यांनी ताणून खालच्या अंगाला ठोकला. फळ्या ट्रेलरवर बसवल्या, चपला काढल्या आणि भर रस्त्यात आधी एकीवर, मग दुसरीवर डोळे मिटून पालथा झोपला. स्कूटरवाले वळून पाहत होते. तो सावकाश उठला.

"आता निजू द्या तिले."

हल्ली दर रविवारी नाव पाण्यात सोडली, की त्या ओल्या फळ्यांवर मीही पालथा पडतो. काठावरचा चणेवाला काळजीनं विचारतो, "तब्येत बरी नाही काय, भाऊ?"

मी हातानंच त्याला थांबवतो. नावेच्या वतीनं तक्रार करायची असेल, तर आधी नीट पडून पाहायला हवं.